धाकट्या दिराने लावलेली पाटी

पनवेलला लोक उतरतात, चहा-वडापाव घेतात, पाय मोकळे करतात आणि पुढे जातात. कोकणात जाणारे पुढे जातात, मुंबईला जाणारे पुढे जातात, आणि जे तिथेच राहतात तेही विचारलं की "मूळचे आम्ही अमुक गावचे" असं सांगून मोकळे होतात. त्यामुळे "मी पनवेल बघायला चाललेय" असं जाहीर केल्यावर मिरजेतल्या आमच्या गटाने जे तोंड केलं, ते मी समजू शकते. समजू शकते, मान्य करत नाही. बघण्यासारखं काय आहे हे विचारायचं, उत्तर यायच्या आत "काही नाही" म्हणायचं, आणि मग बुलडोझर आला की हळहळायचं, ही आपली जुनी खोड आहे. तिचा मी इथेच निषेध करून घेते, म्हणजे पुढे प्रवासावर लिहायला मोकळी.

जायचं कारण असं. मिरजेत आम्ही एका जुन्या इमारतीसाठी भांडतो आहोत. आमची पत्रकं ज्यांच्या दाराखालून आत गेली आहेत त्यांना ती ठाऊक आहे. मालकांनी अलीकडे नवी शक्कल काढली: इमारत मालिका-सिनेमांच्या शूटिंगला देऊ, भाडं येईल, भाड्यातून डागडुजी करू. गटात दोन तट पडले. "शूटिंगने वाचलेली एक तरी इमारत दाखवा!" असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले आणि "मग जाऊन बघ ना" असं उत्तर आलं. पनवेलच्या आसपास शूटिंग बरंच चालतं आणि तिथे माझी आत्या राहते. बॅग भरली.

रोडपाली, गुरुवार

रोहिणीआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन कळंबोलीत आली, मग तिथलंच रोडपाली तिचं गाव झालं. काका सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातात ते दिवेलागणीलाच परत. मधला सगळा दिवस आत्याचा, तिच्या स्कूटरचा आणि तिच्या मालिकेचा. मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला? आत्या तिला "आपली मालिका" म्हणते, जणू तिचा त्यात हिस्सा आहे.

"शूटिंगच्या जागा बघायला आलीस? तू?" दार उघडल्याउघडल्या आत्या म्हणाली. "मालिका बघणाऱ्यांच्या डोक्याला गंज चढतो असं छापणारी तूच ना गं?"

"मी जुन्या इमारती बघायला आलेय, आत्या."

"मग त्याच की त्या! चल, हातपाय धू. गंजलेल्या बाईच्या हातचं जेवशील ना?"

जेवले. आणि कसं! वालाचं बिरडं, खाडीची कोळंबी आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, कडक, चुलीवर फुगलेली. तांदळाची भाकरी म्हणजे आजारी माणसाचं खाणं असा माझा समज होता. उकड मळून थापलेली ती पांढरीशुभ्र, मऊ भाकरी मी आधी संशयाने मोडली, मग नुसतीच खाल्ली, मग कोळंबीच्या रश्शात बुडवून खाल्ली, आणि शेवटी आत्यानेच डबा उचलून ठेवला. "राहू दे, काकांना उरव."

जेवताना आत्याने दौरा आखला. मला हव्या होत्या इमारती. तिला हवं होतं खलनायकाचं गोदाम, हिरोला शुद्धीवर आणलं ते रुग्णालय आणि थोरल्या सुनेचं घर. जागा त्याच निघाल्या. आमची भांडणं फक्त नावांवरून.

जुनं पनवेल, शुक्रवार

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेले ट्रेलर, त्यांच्या मागून बाहेर आलेल्या सळ्या, आणि त्या सळ्यांच्या टोकापासून हातभर अंतरावर आमची आत्या, हेल्मेटच्या आतून मला मालिकेचं कथानक सांगत. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून कथानकही नीट ऐकलं नाही. हे पुढे महागात पडलं.

जुन्या पनवेलात शिरलं की रस्ता अरुंद होतो आणि जीव मोठा होतो. कौलं, लाकडी कठडे, भांड्यांची दुकानं, मधूनच एखादं तळं. पनवेलला तळी किती, हे दोन पनवेलकरांना विचारा; दोन उत्तरं मिळतील आणि दोघं तुम्हाला सोडून आपसात भांडायला लागतील. इथे एके काळी घाटावरून बैलगाड्या माल घेऊन उतरायच्या, खाडीतून गलबतं मुंबईला जायची, गाड्यांची चाकं इथे बनायची, भाताच्या गिरण्या चालायच्या. या सगळ्याची शाळेच्या पुस्तकात एक ओळ तरी आहे का? नाही! असो.

पहिला मुक्काम भाताच्या बंद गिरणीत. फाटकावर एक राखणदार खुर्ची टाकून बसला होता.

"कुठली बाजू बघायची?" त्याने विचारलं. "डावीकडं खलनायक, उजवीकडं स्मगलर."

"गिरणी बघायचीय," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आत्याकडे वळून म्हणाला, "तुमी सांगा मावशी."

"डावी," आत्या म्हणाली.

आत यंत्राचं मोठं चाक होतं. मुंबईला तांदूळ पाठवणाऱ्या गिरणीचं ते चाक कुणीतरी सोनेरी रंगवलं होतं! खलनायकाला शोभावं म्हणून! मी तिथल्या तिथे भाषणाला सुरुवात केली, पण ऐकायला कुणी नव्हतं. आत्या हिरोला बांधलेल्या खुर्चीत जाऊन बसली होती आणि राखणदार विचारत होता, "दोरी देऊ का? फोटोत बरी दिसते." मिरजेची कार्यकर्ती म्हणून मी अनेक फोटो काढले आहेत. सख्ख्या आत्याला खुर्चीला बांधून काढलेला हा पहिलाच.

दुसरी जागा म्हणजे एक दुमजली कौलारू घर, पडद्यावर कायमचं रुग्णालय. घरच्या वहिनींनी कोकम सरबत दिलं आणि हकिकत सांगितली. शूटिंगवाल्यांनी दारावर 'ग्रामीण रुग्णालय' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ सुजलेला पाय घेऊन रांगेत बसले. डॉक्टरचं काम करणारा नट हात जोडून म्हणाला, आजोबा, मी खरा डॉक्टर नाही. आजोबा म्हणाले, "नाय तर नाय, बघा तरी." शेवटी त्याने वाकून पाय बघितला, गंभीर चेहरा केला, मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणाला. आजोबा खूश.

"दोन दिवसांनी पेढे घेऊन आले," वहिनी म्हणाल्या. "सूज उतरली म्हणे!"

आत्या हसून लोटपोट. मला हसू आलं नाही. पाटी वाचली की डोकं बाजूला ठेवायचं, याला काय अर्थ आहे? असं मी मोठ्या आवाजात म्हणाले. माझे हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे होते, पण मीच ठेवले नाहीत.

तिसरी जागा तळ्याच्या मागच्या अंगाची धर्मशाळा. इमारत बघताच मी गप्प झाले, आणि हे वारंवार होत नाही. काळ्या दगडाचा चौथरा, लांबलचक ओसरी, सागवानी खांब, आणि बाहेरच्या भिंतीत अजूनही घट्ट बसलेल्या लोखंडी कड्या. घाटावरून आलेल्या गाडीवानांनी बैल बांधायच्या त्या. गाडीवानांसाठीच कुणा व्यापाऱ्याने बांधलेली ही धर्मशाळा. मिरजेत असती तर आम्ही तिच्यासाठी उपोषणाला बसलो असतो.

आत्या पुढच्या पायऱ्यांवरच थांबली. थोरल्या सुनेला याच पायऱ्यांवरून हाकलून दिलं होतं, तेव्हा तिथून इचलकरंजीच्या मावशीला व्हिडिओ कॉल करणं तिला भाग होतं. मी एकटीच बाजूने आत गेले.

आत बालवाडी भरली होती. दालनाच्या एका टोकाला सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसून "ससा ससा" करत होती, आणि दुसरं अख्खं टोक मोकळं. तिथे लाल-पांढरी पट्टी ताणून बांधलेली. पट्टीच्या पलीकडची भिंत वरच्या तुळईपासून खालच्या फरशीपर्यंत दुभंगलेली. एक तडा मोठा, काळा, विजेसारखा वाकडातिकडा. त्याला फुटलेले आणखी दोन-तीन. भिंतीवर पाटी: 'धोकादायक इमारत. जवळ जाऊ नये. आदेशावरून.'

बालवाडीच्या शैलाबाई पोरांना खाऊच्या डब्यांवर सोडून माझ्याशी बोलायला आल्या. जवळच्याच गावच्या, आगरी घरातल्या, पदर खोचलेला, आवाज खणखणीत.

"दिवाळीच्या सुट्टीत शूटिंग झालं," त्या म्हणाल्या. "आमी सुट्टीनंतर आलो तर ह्या भेगा. मोठमोठ्या लायटी, तो जनरेटर धडधड धडधड करतो, हादरली असेल भिंत. न् ही पाटी."

"मग आता?"

"आता काय? रविवारी ट्रस्टची मीटिंग हाय. धर्मशाळा पाडायची न् जागा बिल्डरला द्यायची." त्यांनी पोरांकडे पाहिलं. भाजीवाल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची पोरं. "आई टोपली घेऊन बसते, बाप परांचीवर. पोरं माझ्याकडं. नवीन बिल्डिंगीत आमाला कोन घेतो? बाहेर खोली घ्यायची तर भाडं ऐकून चक्कर येते."

"तुम्ही विरोध नाही केला?"

"कशाच्या जोरावर करू? भिंत पडली पोरांवर तर?"

माझं रक्त उसळलं. शूटिंगवाले येतात, इमारत फोडतात आणि चालते होतात! मी भिंतीचे फोटो काढले, पट्टीच्या अलीकडूनच, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं. ताडताड बाहेर आले, आत्याचा कॉल मध्येच तोडायला लावला. "अगं, मला आतलं देवघर बघायचंय, सासरे तिथेच गेले," आत्या म्हणत होती. "कुणाचे सासरे? चल आधी!" मी तिला स्कूटरवर बसवलं.

संध्याकाळी तिच्या डायनिंग टेबलावर पत्रक लिहिलं. मथळा: 'पनवेलकरांनो, दुभंगलेली भिंत तुम्हाला हाक मारते आहे!' खाली फोटो. खाली: 'चार पैशांच्या भाड्यासाठी आपला वारसा कुणी फोडला?' आणि अगदी तळाशी: 'धर्मशाळा वाचवा!' मला वाटतं, माझ्या चांगल्या पत्रकांपैकी ते एक होतं.

बाजारपेठ आणि चिरनेर, शनिवार

सकाळी झेरॉक्स काढून बाजारात वाटायला उभी राहिले. पनवेलचा बाजार पत्रकं घेतो, हे नमूद करते. मिरजेत लोक हात मागे बांधतात. एका भजीवाल्याने तर मूठभर मागून घेतली. त्याची सामाजिक जाणीव बघून मी भारावले, तोवर त्याने पहिल्या पत्रकात कांदाभजी बांधलीसुद्धा.

इतक्यात हार्डवेअरच्या दुकानातून हाक आली. "ओ ताई! इकडं या, चा घ्या."

पांढरा सदरा, हातात अंगठ्या, समोर माझं पत्रक पसरलेलं. हे बाळाशेठ, धर्मशाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष. मी भांडायच्या तयारीने आत गेले.

"तुमी मिरजेच्या? लांबून आलात. बसा." त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. "एक नंबर लिहिलंय. मी वर्षभर सांगतोय, जुनं झालंय, पाडू. लोक काय बोलतात? शेठला प्लॉट खायचाय. आता तुमीच सांगितलं ना, बाहेरच्या मानसानं, शिकलेल्या! 'वरपासून खालपर्यंत दुभंगलेली.' फोटोसकट!"

"अहो, मी वाचवा म्हणतेय..."

"ते खालच्या बाजूला हाय. तितपर्यंत कोन वाचतो?" त्यांनी प्रेमाने चहा पुढे केला. "अजून हायत का? उद्या मीटिंगला वाटतो. झेरॉक्सचे पैसे मी देतो."

मी चहा न पिता उठले. चहाला नाही म्हणण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली, वाटलेली परत मागत फिरले. लोक हसून देत होते. भजीवाल्याने तेलाने पारदर्शक झालेली दोन परत दिली. तेवढीच जनजागृती मागे घेता आली.

माझं तोंड बघून आत्याने दुपारी स्कूटर चिरनेरच्या रस्त्याला काढली. तिथे तिची एक मैत्रीण राहते, आणि शेतावर पोपटी लावली होती. आधी आम्ही जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाशी उभ्या राहिलो. जंगल आमचं आहे म्हणत गोळ्यांपुढे उभी राहिलेली ही माणसं, आणि मी! सरकारशी भांडणं दूर, मी बिल्डरचं काम फुकटात करून दिलं होतं.

"पुरे आता," आत्या म्हणाली. "हुतात्म्यांसमोर नाक ओढू नये."

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, मडकं उलटं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. मडकं उघडलं की जो वास येतो तो वर्णन करायच्या भानगडीत मी पडत नाही. हुरड्याचा मला फार अभिमान आहे, पण त्या दुपारी मी हुरड्याशी बेइमानी केली.

शेंगा सोलता सोलता मी आत्याला मोबाइलवर फोटो दाखवला. "बघ, ही भिंत. आणि हा मी घातलेला गोंधळ."

आत्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "अय्या! ही पाटी अजून तिथेच आहे?"

"अजून म्हणजे?"

"अगं, ही धाकट्या दिरानं लावली."

"कुणाच्या?"

"कुणाच्या काय? थोरल्या सुनेच्या! तिनं घर सोडावं म्हणून त्यानं खोटी पाटी लावली. 'धोकादायक इमारत. जवळ जाऊ नये. आदेशावरून.' मी तेव्हाच म्हटलं काकांना, आदेश कुणाचा ते लिहिलंच नाही, हिला कळत कसं नाही?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सरकारी कागदावर सही कुणाची, शिक्का कुणाचा, हे विचारत मी वर्षं काढली आहेत. आणि ती पाटी मी वाचली, मानली, आणि पट्टीच्या अलीकडे शहाण्यासारखी उभी राहिले.

"आत्या," मी हळूच विचारलं, "आणि भेग?"

"ती सासरे गेले तेव्हा पडली. आभाळ गडगडलं आणि भिंत अशी चर्रकन..." आत्याचे डोळे भरून आले. "त्याआधी चांगली पांढरी भिंत होती की. तिथेच तर लग्न झालं धाकटीचं."

हात न धुताच आम्ही निघालो. धर्मशाळेचं फाटक बंद, कुलूप लावलेलं. रंग आहे की तडा, हे सभेपूर्वी बघायची सोय नव्हती. आणि मालिकेवर विसंबून सभेत उभं राहायचं, ही कल्पना मला रात्रभर टोचत राहिली.

धर्मशाळा, रविवार

ओसरीवर ट्रस्टी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, खाली चटयांवर पालक. भाजीवाल्या बाया टोपल्या शेजारणीवर सोपवून आलेल्या. शैलाबाई खांबाला टेकून उभ्या, पोरं त्यांच्या मागे-पुढे.

बाळाशेठ उभे राहिले आणि त्यांनी माझं पत्रक वाचलं. वाचलं म्हणजे काय, गाजवलं! 'हाक मारते आहे'वर त्यांनी आवाज असा कापरा केला की दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला. मला स्वतःच्या शब्दांचा एवढा संताप कधी आला नव्हता.

"म्हणून," शेठ म्हणाले, "माझ्यासाठी नाय, या लेकरांच्या जीवासाठी सांगतो..."

"एक मिनिट हं," आत्या उठली. "आत ती पाटी लावलीय ना, ती कुणी लावली?"

"महापालिकेनं," एक ट्रस्टी म्हणाले.

"नाही, ट्रस्टनंच ना?" मागून एक पालक.

"मला वाटलं पोलिसांनी," शैलाबाई म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्याने ती शांतता मालिकेतल्यासारखी ताणली. मग म्हणाली, "धाकट्या दिरानं."

शेठ हसले. "मावशी, घरचं भांडण घरी..."

"आगं हां!" चटईवरून एक भाजीवाली ओरडली. "तीच ती पाटी! त्या मेल्यानं लावलेली!"

"हां ना, सून रडली तवा!"

"मी रोज बघते न् रोज पोराला सोडाया येते, माझ्या टकुऱ्यात आलं नाय!"

आत्या सरळ दालनात गेली. मागे सगळी सभा. तिने लाल-पांढरी पट्टी वर उचलली, वाकून पलीकडे गेली, आणि कुणी बाई किंचाळली. मी तिच्या मागोमाग. शैलाबाईंनी बादली आणि फडकं आणलं. मी फडकं पिळलं, मोठ्या तड्यावर ठेवलं आणि घासलं.

काळा ओघळ भिंतीवरून खाली आला.

काय आवाज झाला! पोरं टाळ्या पिटत आत घुसली, कुणी रुमाल, कुणी पदर, कुणी नुसते तळवे घेऊन भिंत पुसायला लागलं. वीजच्या वीज धुऊन निघाली. खाली पांढरी भिंत, गुळगुळीत, जिच्यासमोर धाकटीचं लग्न झालं होतं. शेठच्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. दुसरा तडा गेला. तिसरा गेला.

खिडकीच्या कोपऱ्यातला राहिला. लहानसा, केसासारखा बारीक, कॅमेऱ्यात दिसायलाही नको असा. मी घासला. पाणी घेतलं, पुन्हा घासला. फडक्याचा दोरा निघाला.

"हा पन पुसा की," शेठ मागून म्हणाले.

सगळे थांबले. 'हा पक्का रंग आहे, रॉकेल लागेल' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कुणाला कळलं असतं? बालवाडी वाचली असती, शेठचं तोंड बंद झालं असतं, आणि मी खोटं बोलले असते तेही चांगल्या कामासाठी. मी तोंड उघडलं.

"नाय पुसला जायचा तो," शैलाबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी त्या रेघेत नखाचं टोक घातलं. नख आत गेलं. "खरा हाय हा."

"बाई, अहो..." मी कुजबुजले.

"काय अहो? दुपारची पोरं हितंच झोपायची माझी, या भिंतीखाली. न् परत हितंच झोपायचीत. खोटं कशाला बोलू?"

शेठ हातातल्या पत्रकाची घडी घालत राहिले. त्यांना बोलायला आता मोकळं रान होतं, पण बाईंनी त्यांचंच वाक्य आधी बोलून टाकलं होतं. ट्रस्टींपैकी सगळ्यात म्हातारे, कानाला यंत्र लावलेले एक आजोबा, इतका वेळ खुर्चीतच बसून होते. काय झालं ते त्यांना दोघांनी ओरडून सांगितलं.

"म्हणजे बाकीच्या खोट्या, एक खरी?"

"हां, आजोबा!"

"मग एका भेगेपायी अख्खी धर्मशाळा पाडता?" ते शेठकडे वळले. "इंजिनिअरला बोलव आधी. तो सांगल तसं करू. पाडा बोलला तर पाडू."

"बोलवतो ना," शेठ म्हणाले. "मी कुठं नाय बोललो?"

पाडायचा ठराव त्या दिवशी झाला नाही. इंजिनिअर सांगेपर्यंत बालवाडी दुसऱ्या टोकालाच भरायची, एवढं ठरलं. बाहेर पडताना शेठ मला म्हणाले, "ताई, मिरजेला जाताना पत्रक लिहा. या वेळी वरच्या बाजूला पन खरं लिहा." मी त्यांचा निषेध करायला हवा होता. सुचला नाही.

धर्मशाळा, सोमवार

निघायच्या आधी इंजिनिअरचं काम बघायला मिळालं. त्याने खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर, आडवी, बोटाएवढी काचेची पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं भिंतीला सिमेंटने पक्की केली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं यंत्र येईल.

"बस, एवढंच?" शैलाबाईंनी विचारलं.

"एवढंच. भिंत सरकत असेल तर काच तडकेल. मग पाडण्यावाचून इलाज नाही. पुढचा पावसाळा संपेपर्यंत काच टिकली, तर भेग जुनी, बसलेली, भरून घेऊ."

"पावसाळा संपेपर्यंत?"

"भिंत पाणी प्यायली की खरं बोलते, बाई."

शैलाबाईंनी पोरांना ओळीने काच दाखवली. हात पाठीमागे बांधून एकेकाने बघितली. एका मुलीने काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पुसून ठेवली.

स्टँडवर सोडताना आत्याने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या दिल्या आणि मालिकेत पुढे काय होणार ते सांगितलं. या वेळी मी सगळं ऐकलं.

मिरजेला आल्यावर गटाने विचारलं: मग शूटिंगला द्यायची का आपली इमारत? मी म्हणाले, मला माहीत नाही. सभेत हे वाक्य मी याआधी कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे इतिवृत्त लिहिणाऱ्याने ते दोनदा विचारून घेतलं.

हे लिहिते आहे तेव्हा जूनचा दुसरा आठवडा आहे. पनवेलला पाऊस धो धो लागलाय. बालवाडी उघडायच्या आधी शैलाबाई रोज सकाळी खिडकीपाशी जातात, काचेचा फोटो काढतात आणि मला पाठवतात. खाली काही लिहीत नाहीत. मी तो बोटांनी मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते.

आज सकाळची काच अख्खी आहे.